आखडलेला खांदा घरी सोडवताना: व्यायाम तेच, चुकतो तो क्रम

खांदा धरला की बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. पहिले काही आठवडे दुखरा हात छातीशी धरून जपायचा. मग कुणीतरी सांगतं, ‘हलवला नाहीस तर कायमचा आखडेल.’ की लगेच दात-ओठ खाऊन तो भिंतीवर चढवायचा, पाठीमागे ओढायचा. रात्री कळ सुटली की पुन्हा महिनाभर सगळं बंद. यातले व्यायाम चुकीचे नसतात. ते उलट्या क्रमाने आणि नको त्या जोराने केलेले असतात.

हा लेख फक्त आखडलेल्या खांद्याबद्दल आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात त्याबद्दल. साधारण ४० ते ६० या वयात, पुरुषांपेक्षा बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो. सांध्याभोवतीचं आवरण आधी सुजतं, मग जाड होऊन आकसतं. असं आवरण हळूहळू, रोज थोडं ताणलं तर सैल होतं. हिसका दिला तर पुन्हा सुजतं. पुढची प्रत्येक सूचना या एका गोष्टीवर उभी आहे.

## १. हे दुखणं घरी बघण्यासारखं आहे का?

खालीलपैकी काहीही असेल तर शेक, तेल, व्यायाम सगळं बाजूला ठेवा.

- हातात किंवा खांद्यात कळ आणि सोबत छातीत दडपण, दरदरून घाम, धाप, मळमळ किंवा जबड्यात दुखणं: लगेच १०८ ला फोन. ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चावत बसू नका. मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.
- एकाएकी हाताची ताकद गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं: हेही १०८ चंच काम.
- पडल्यानंतर, मार लागल्यानंतर, फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर खांदा हलत नाही: हाड मोडलेलं किंवा सांधा निखळलेला असू शकतो.
- खांदा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप.
- हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, पकड सैल होऊन हातातून वस्तू पडणं.
- वजन कारण नसताना उतरतंय, पूर्वी कर्करोग झालेला आहे, किंवा दुखणं हात कसाही ठेवला तरी दिवसरात्र सारखंच राहतं.

यातलं काही नसेल तर पुढची तपासणी करा. आरशासमोर उभे राहा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून काटकोनात वाकवा, तळवे एकमेकांकडे. आता कोपरं जागची न हलवता, दाराची दोन कवाडं उघडावीत तसे दोन्ही हात बाहेर उघडा. दुखरा हात किती मागे राहतो ते पाहा. मग घरातल्या कुणाला तरी तोच हात अगदी हळू, आणखी बाहेर न्यायला सांगा.

दुसऱ्याने नेला तरी हात तिथेच अडत असेल तर आवरण आखडलेलं असण्याची शक्यता मोठी. तुम्हाला स्वतःला उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बराच वर जातो, असं असेल तर दोष बहुधा स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडऱ्याचा आहे, आणि त्याचे उपचार वेगळे. मान वळवली की हातात कळ जाते, आणि तोच हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, तर खांद्याला दोष देऊ नका. मानेकडे पाहायला हवं.

एक काम आधीच उरका. अस्थिरोगतज्ज्ञाला एकदा दाखवून एक्स-रे काढा. आखडलेल्या खांद्याच्या एक्स-रेत सहसा काही विशेष दिसत नाही, म्हणून अनेकांना तो वाया गेलेला खर्च वाटतो. पण सांध्याची झीज आणि निखळलेला सांधाही बाहेरून असाच अडल्यासारखा वाटतो, आणि तो फरक घरात कळत नाही. त्याच फेरीत रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याला मधुमेह आहे हे खांदा आखडल्यावरच कळलेले लोक कमी नाहीत.

## २. तयारी

सामान घरातलंच आहे: साधारण ३ फुटांची गुळगुळीत काठी (झाडूचा दांडा चालतो, लाटणं फार आखूड पडतं), दोन हातरुमाल, एक लांब पंचा, गरम पाण्याची रबरी पिशवी, दोन उशा, पेन्सिल आणि वही.

वहीला फालतू समजू नका. आखडलेला खांदा इतका सावकाश सुटतो की रोज पाहणाऱ्याला काहीच बदल दिसत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळून व्यायाम सुटतो. पहिल्या दिवशी तीन मापं घ्या:

- भिंतीकडे तोंड करून उभे राहा, दुखऱ्या हाताची बोटं जिथवर सहज चढतात तिथे भिंतीवर पेन्सिलची खूण.
- वर सांगितलेल्या आरशातल्या तपासणीत हात किती उघडतो. तो उघडा ठेवून घरच्यांना समोरून फोटो काढायला सांगा.
- हात पाठीमागे नेल्यावर अंगठा कुठवर पोचतो: मागचा खिसा, कंबर, की त्याहून वर.

दर रविवारी हीच मापं, व्यायामाच्या आधी. रोज मोजू नका. रोज मोजणारा माणूस नकळत रोज थोडा जास्त ओढतो.

दुखण्याची मोजपट्टी ठरवून ठेवा. ० म्हणजे काही नाही, १० म्हणजे सहन न होणारं. व्यायाम करताना ३-४ पर्यंत ताण चालेल. मात्र थांबल्यावर तासाभरात दुखणं पहिल्याइतकं खाली यायला हवं. रात्री झोपमोड झाली किंवा दुसऱ्या सकाळी खांदा जास्त जड वाटला, तर कालचा जोर जास्त झाला. व्यायाम बंद करायचा नाही. आवर्तनं आणि ताण निम्म्यावर आणायचा.

## ३. पहिले दोन-तीन आठवडे: आधी रात्र सुधारा

पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात सर्वांत जास्त छळते ती रात्र. झोप नाही म्हणून दुखणं जास्त जाणवतं, आणि दुखतं म्हणून झोप नाही. हे चक्र न तोडता व्यायामाला लागलेले लोक सहसा टिकत नाहीत.

चांगल्या कुशीवर झोपत असाल तर छातीसमोर एक जाड उशी घ्या आणि दुखरा हात कोपरापासून मनगटापर्यंत तिच्यावर ठेवा. हात पुढे लोंबकळता कामा नये. उताणे झोपत असाल तर दंड आणि कोपराखाली घडी घातलेला पंचा ठेवा. तो नसेल तर कोपर गादीत मागे पडतं आणि सांध्याचं पुढचं आवरण रात्रभर ताणलेलं राहतं. दुखऱ्या कुशीवर झोपणं सध्या नाही.

कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना सर्वांत शेवटी. मागे हूक असलेली पोलकी काही महिने कपाटात जाऊ द्या, पुढच्या हुकांची वापरा. दोरीवर कपडे वाळत घालणं आणि माळ्यावरचे डबे काढणं दुसऱ्यावर सोपवा. पण भाजी चिरणं, लिहिणं, जेवणं, पोळ्या लाटणं अशी कंबर ते छातीच्या उंचीतली कामं चालू ठेवा. हात झोळीत अडकवून ठेवणं ही इथली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

### शेक

घट्ट, आखडलेल्या खांद्याला गरम शेक, १० ते १५ मिनिटं, व्यायामाच्या आधी. पिशवी पंचात गुंडाळलेली हवी. व्यायामानंतर खांदा ठणकत असेल तर बर्फ ओल्या रुमालात गुंडाळून १० मिनिटं. दोन्हींपैकी काय चांगलं यावर घरोघरी वाद होतात. ज्याने तुम्हाला बरं वाटतं ते घ्या. आवरण सैल होतं ते शेवटी हालचालीनेच.

> सावध: मलम किंवा बाम चोळलेल्या जागी गरम पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. मधुमेहामुळे बधिरपणा असेल तर पिशवीची उष्णता चांगल्या हाताने किंवा घरच्या माणसाकडून तपासून घ्या. तव्यावर तापवलेल्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी एका जागी फार तापलेली असते. वापरायचीच तर कापड दुहेरी घ्या आणि सतत फिरवत राहा. विजेचं शेकपॅड लावून झोपू नका.

### तेल आणि गोळ्या

कोमट तेल हलक्या हाताने मान, पाठ आणि दंडाला लावायला हरकत नाही. आखडलेल्या खांद्याचं काम त्या भागावर पडत असल्याने तो भाग खरोखर थकलेला असतो. पण सांधा रगडायचा नाही. आवरण आत खोल असतं, अंगठ्याने ते ‘मोकळं’ होत नाही. आणि एका हिसक्यात खांदा सोडवून देणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नका. ठिसूळ हाड असलेल्या वयस्कांत असा हिसका दंडाचं हाड मोडू शकतो.

पॅरासिटॅमॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसाला चालते. दोन मात्रांमध्ये किमान ४ ते ६ तास हवेत, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसाला ३ ग्रॅम, म्हणजे ६ गोळ्यांच्या पुढे जाऊ नका. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेत असाल तर ही गोळीही विचारूनच. इथली नेहमीची गफलत अशी की दुकानातून आणलेल्या ‘दुखण्याच्या गोळी’त अॅसिक्लोफिनॅकसोबत पॅरासिटॅमॉल आधीच असतं. वरून तापाची गोळी वेगळी घेतली की मात्रा दुप्पट. पाकिटावरचं बारीक छापलेलं वाचा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या गोळ्या मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, वाढलेला रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, आणि रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी स्वतःहून घेऊ नयेत.

## ४. लोंबता हात

हा पहिल्या दिवसापासून करण्यासारखा एकमेव व्यायाम, आणि सर्वांत जास्त चुकणाराही.

१. टेबलाच्या कडेला चांगला हात टेकवा, कमरेतून पुढे वाका, गुडघे सैल.
२. दुखरा हात विहिरीत सोडलेल्या दोरासारखा खाली लोंबू द्या. अर्धा मिनिट काहीच करू नका.
३. आता हात हलवू नका, अंग हलवा. कंबर पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे झुलवली की हात आपोआप झुलतो.
४. जमिनीवर फूटभर रुंदीचं वर्तुळ काढल्यासारखं १० वेळा एका बाजूने, १० वेळा उलट. दिवसातून ३ वेळा.

बहुतेक जण खांद्याच्या स्नायूंनी हात गरगर फिरवतात. तसं केलं की सैल व्हायच्या ऐवजी स्नायू आणखी घट्ट होतात. तपासायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तुमच्या दंडाचा गोळा चाचपायला सांगा. तो मऊ लागला पाहिजे. हातात वजन धरू नका, मूठ आवळली की पूर्ण हात आवळतो.

वाकल्यावर चक्कर येणाऱ्यांनी पलंगाच्या कडेला पालथं झोपून हात खाली सोडावा. परिणाम तोच.

> पुढे जाण्याआधी तपासा: रात्री सलग ४-५ तास झोप लागते का? हात स्वस्थ ठेवल्यावर दुखणं ३ च्या आत आहे का? नसेल तर आणखी आठवडाभर इथेच थांबा. याच काळात डॉक्टरांना सांध्यात इंजेक्शन देण्याबद्दल विचारणं योग्य ठरतं, कारण सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीच्या दुखऱ्या टप्प्यात जास्त उपयोगी पडतं. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून घरी मोजत राहा.

## ५. आधी बाहेर, मग वर

इथे क्रम सर्वांत जास्त महत्त्वाचा. आखडलेल्या खांद्यात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडते ती बाहेर वळण्याची हालचाल. हात वर जाताना दंडाचं हाड बाहेरच्या बाजूला वळावंच लागतं. ते वळण अडलेलं असताना हात वर रेटला तर कंडरा हाडांच्या मध्ये चिमटतो, आणि माणूस म्हणतो, ‘व्यायामाने जास्त दुखायला लागलं.’

आंघोळीनंतर किंवा शेकानंतर, दिवसातून दोनदा:

काठीने बाहेर वळवणं. उताणे झोपा. दुखरं कोपर बरगडीशी, काटकोनात, आणि कोपराखाली घडी केलेला रुमाल. दुसरा रुमाल कोपर आणि बरगडी यांच्या मध्ये धरा. काठी दोन्ही हातांत आडवी पकडा. चांगल्या हाताने काठी ढकलून दुखऱ्या हाताचा पंजा बाहेर न्या. ताण जाणवला की तिथे ५ ते १० सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा, परत या. १० वेळा. बरगडीजवळचा रुमाल सुटला तर कोपर उघडलं असं समजा. तेव्हा हात खूप बाहेर गेल्यासारखा वाटतो, पण सांधा वळलेलाच नसतो. मनगट मागे मोडणं ही दुसरी फसवणूक.

ऑफिसात काठी नसते. दाराच्या चौकटीत उभे राहून कोपर अंगाशी ठेवा, तळवा चौकटीला लावा आणि पायांनी अंग हळूहळू दुसऱ्या बाजूला वळवा.

टेबलावर सरकवणं. खुर्चीत बसा, दोन्ही तळवे टेबलावरच्या एका फडक्यावर. फडकं पुढे सरकवत कमरेतून वाका. ५ सेकंद थांबा. १० वेळा. हात उचलायचा नाही, अंग खाली न्यायचं. त्यामुळे भीती कमी वाटते, म्हणून हात वर नेण्याच्या व्यायामांत हाच आधी.

झोपून वर नेणं. उताणे झोपून चांगल्या हाताने दुखरं मनगट धरा आणि डोक्याकडे न्या. कोपर थोडं वाकलेलं चालेल. १० वेळा.

हे तिन्ही व्यायाम आठवडाभर विनातक्रार झाले की भिंतीवर बोटांनी चढणं. भिंतीपासून फूटभर दूर, बोटांनी मुंगीसारखं वर जायचं, वरच्या टोकाला १० सेकंद, आणि तसंच बोटांनी उतरायचं. हात एकदम खाली सोडू नका. ५ ते १० वेळा.

भिंतीसमोर तीन चोऱ्या होतात: खांदा कानाकडे उचलणं, कंबर मागे वाकवणं, टाचा उचलणं. तिन्हींत बोटं वर जातात, सांधा तिथेच राहतो. बाजूला आरसा ठेवा. खांदा वर आला तर दोन इंच खाली उतरून तिथून करा. खालची खरी खूण वरच्या खोट्या खुणेपेक्षा उपयोगाची.

दाराला दोर आणि कप्पी अडकवून हात ओढण्याचा प्रकार अनेकांकडे असतो. वाईट नाही, पण दुखऱ्या टप्प्यात नको; चांगला हात उत्साहाच्या भरात जास्त ओढतो आणि दुखऱ्याला ते उशिरा कळतं.

## ६. पाठीमागे हात नेणं सर्वांत शेवटी

आंबाडा घालणं, मागचं हूक लावणं, मागच्या खिशातून पाकीट काढणं यांची घाई समजण्यासारखी आहे. पण हीच हालचाल सर्वांत उशिरा सुटते आणि सर्वांत लवकर चिडते. बाहेर वळण चांगल्या हाताच्या निदान दोन-तृतीयांश झालं असेल आणि रात्र शांत जात असेल, तरच याला हात घाला.

आधी छातीवरून: चांगल्या हाताने दुखरं कोपर धरून समोरच्या खांद्याकडे ओढा, १५ ते २० सेकंद, ४ वेळा. दोन आठवड्यांनी पंचा: तो चांगल्या खांद्यावरून पाठीवर सोडा, खालचं टोक दुखऱ्या हातात, वरून चांगल्या हाताने इंचभर ओढा. १० ते १५ सेकंद, ४ वेळा, दिवसातून एकदाच. खांद्याच्या पुढच्या बाजूला सुईसारखी कळ आली तर तो ताण नाही, चिमटा आहे. पंचा लगेच सैल करा.

## ७. ताकद

डंबेल्सची घाई पुरुष मंडळींना फार. हालचाल बऱ्यापैकी परत येण्याआधी वजन उचललं तर जे स्नायू आधीच जास्त राबतात, मानेचे आणि खांद्याच्या वरच्या बाजूचे, तेच आणखी फुगतात.

सुरुवात भिंतीने करा. कोपर अंगाशी, काटकोनात. मूठ भिंतीला लावून पुढे दाबा, मग अंग वळवून मनगटाची बाहेरची बाजू दाबा, मग आतली, मग कोपराने मागे. प्रत्येक दिशेला ५ सेकंद, १० वेळा, पूर्ण ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश जोराने. हात हलता कामा नये. त्यासोबत पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे खेचून ५ सेकंद, १० वेळा. टेबलापाशी बसून काम करणाऱ्यांनी हे दर दोन तासांनी करावं.

दोन आठवड्यांनी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. भरली की साधारण अर्धा किलो होते, आणि अर्धीच भरून सुरुवात केली तरी कमीपणा नाही. कोपर वाकवून, कमरेच्या उंचीवर.

## ८. किती दिवस, आणि पुन्हा डॉक्टरांकडे केव्हा

दुखरा टप्पा काही आठवड्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत, आखडलेला टप्पा साधारण चार ते बारा महिने, आणि सुटण्याचा टप्पा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. मधुमेहात तो रेंगाळतो. वहीतली मापं दर आठवड्याला वाढणार नाहीत. दर महिन्याला वाढली तरी गाडी रुळावर आहे.

सहा आठवडे नेमाने करूनही तिन्ही मापं जिथल्या तिथे असतील, रात्रीची झोप सुधारत नसेल, किंवा मिळालेली हालचाल पुन्हा कमी होत असेल, तर फिजिओथेरपिस्ट आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांना वही दाखवा. इंजेक्शन, सांध्यात सलाइन भरून आवरण फुगवणं, भूल देऊन हात मोकळा करणं, दुर्बिणीने आवरण सोडवणं असे पर्याय त्यांच्याकडे असतात. त्यातला कुठलाही केला तरी दुसऱ्या दिवसापासून काठी आणि टेबलावरचं फडकं पुन्हा हातात घ्यावं लागतंच. आणि एक खांदा सुटल्यावर काही वर्षांनी दुसराही आखडू शकतो, म्हणून वही टाकून देऊ नका.